कॉलम आणि विटांच्या भिंतीमधली उभी चीर: अखेर बंद झाली

लक्षण: गिलाव्यावर कॉलमच्या (काँक्रीटच्या खांबाच्या) कडेने सरळ उभी चीर, वर बीमखाली (काँक्रीटच्या तुळईखाली) आडवी. पुट्टी भरली, नंतर अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर भरला. उन्हाळा आला की चीर पुन्हा त्याच रेषेत. फार वैताग आला. वीट आणि काँक्रीट तापमानाने व ओलाव्याने सारखे हलत नाहीत, त्यामुळे वरवरचं भरण टिकतच नाही.

उपाय असा केला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी गिलावा कटरने कापून काढला, अगदी विटेपर्यंत. सांधा १०-१२ मिमी खोल कोरून, धूळ झाडून, पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने) दाबून भरला. कॉलमवर टाचे मारले, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडल्या. गुळगुळीत काँक्रीटला गिलावा धरत नाही. विटा भिजवून सिमेंट-वाळूचा पातळ खरबरीत थर मारला. तो घट्ट झाल्यावर ३०० मिमी रुंद गॅल्व्हनाइज्ड चिकन मेश (जस्त चढवलेली बारीक तारेची जाळी) ताणून वॉशर-खिळ्यांनी ठोकली. जाळी भिंतीला चिकटून नको, गिलाव्याच्या मधोमध यावी. बहुतेक मिस्त्री इथेच चुकतात. त्यावर १:४ (सिमेंट:वाळू) चा १५ मिमी गिलावा आणि सात दिवस पाणी. पुट्टी व रंग गिलावा पूर्ण वाळल्यावरच.

नवीन बांधकामात ही जाळी गिलाव्याआधीच मारून घ्या. बीमखालचा विटांचा शेवटचा थरही भिंत काही दिवस बसू दिल्यावरच लावा.