पीटर्सबर्गमध्ये पीटर बघायचा असेल तर

उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कोणी नातेवाईक आले की शहर दाखवायचं काम माझ्याकडे असतं. प्रत्येकाला आधी पीटर द ग्रेटचा, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या रशियाच्या झारचा, घोड्यावरचा पुतळाच बघायचा असतो. माझं ऐका, तो शेवटी ठेवा. आधी पुतळा पाहिला की दिवसभर पीटर घोड्यावरून खाली उतरतच नाही.

सकाळी गोर्कोव्स्काया मेट्रोला उतरा आणि नेवा नदीकाठी त्याच्या लाकडी घरी चालत जा. १७०३ मध्ये शहराचा पाया घातला तेव्हा सैनिकांनी तीन दिवसांत ते बांधलं. भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या, पण वरून विटांसारख्या रेघा रंगवल्यात. त्या रेघांपाशी थांबा. मनात हॉलंडचं विटांचं घर, हाताशी लाकूड! हॉलंडच्या गोदीत स्वतः सुतारकाम शिकून आलेला हा राजा मला इथे फार आवडतो.

तिथून पीटर-पॉल किल्ल्याकडे चालत जाताना सोबतच्यांना त्याने लावलेला दाढीवरचा कर सांगा. खेड्यातल्या शेतकऱ्याला दाढी ठेवायची मुभा होती, पण शहराच्या वेशीतून जाता-येता दर खेपेला एक कोपेक (रुबलचा शंभरावा भाग) मोजावा लागे. पोरं हसतात. मग डोईपट्टीचंही सांगा: तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत दर पुरुषामागे वर्षाला आधी ७४, नंतर ७० कोपेक. सैन्य, आरमार, हे शहर, सगळ्याचा भार शेवटी त्याच शेतकऱ्यावर पडला आणि भूदासांच्या, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या, गळ्यातला फास आणखी आवळला गेला. हे गाळून पीटर सांगू नका.

किल्ल्यातल्या चर्चमध्ये पीटरची कबर चटकन सापडते, बहुतेक वेळा तिच्यावर फुलं असतात. ती बघून लगेच बाहेर पडू नका. घंटाघराच्या जिन्याखाली त्याचा मुलगा अलेक्सेई पुरलेला आहे. बापाला भिऊन तो ऑस्ट्रियात पळाला होता. त्याला समजावून परत आणलं, याच किल्ल्यात चाबकाचे फटके मारून चौकशी केली, मृत्युदंड सुनावला आणि शिक्षा व्हायच्या आतच १७१८ मध्ये तो कोठडीत मरण पावला. माझ्या मामांनी दोन्ही जागा पाहिल्या आणि पूल ओलांडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अशा वेळी आपणही बोलू नये.

आता पुतळा. चौथऱ्यावर एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला लॅटिन लेख आहे: पहिल्या पीटरला दुसरी कॅथरीन (हा पुतळा उभारणारी नंतरची सम्राज्ञी), १७८२. दोन्ही बाजू फिरून बघा. मग खालचा दगड बघा. शहराजवळच्या लाख्ता गावाच्या जंगलातून तो प्रचंड खडक गोठलेल्या जमिनीवरून माणसांनी किनाऱ्यापर्यंत ओढत आणला. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, घाई करू नका.