मोटरच्या स्लॉटमध्ये कॉइल घट्ट कशी बसवावी: बांबूची पट्टी, तिचा ओलावा आणि वार्निश

दिवाळी झाली की आमच्याकडे पंप यायला लागतात. जूनमध्ये पाऊस लागला की विहिरीवरचा पंप बंद होतो आणि माड-पोफळींना शिपणं सुरू होईपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, पत्र्याच्या शेडमध्ये तसाच पडून राहतो. खारा वारा आणि पावसाळी हवा आत शिरत राहते. मग एक दिवस स्विच दाबला जातो आणि दुपारी गिऱ्हाईक दुकानात उभं असतं, "पंप हुं हुं करता, पन फिरना नाय."

जळलेल्या मोटरचा दोष व्होल्टेजला किंवा गेलेल्या फेजला दिला जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण मोटर उघडल्यावर मी आधी एकच गोष्ट बघतो. सगळं वाइंडिंग सारखं काळं पडलंय, की एकाच स्लॉटच्या (तार बसते त्या खाचेच्या) तोंडाशी डाग आहे? सगळं काळं असेल तर मोटर जास्त तापून जळली. एकाच जागी डाग असेल आणि बाकीची तार सोनेरी, चकचकीत असेल, तर तिथे तार घासली गेली. घासली गेली म्हणजे ती हलत होती, आणि हलत होती म्हणजे तिला दाबून धरणारी पट्टी सैल होती. या पट्टीला कोणी वेज म्हणतं, कोणी काडी. वाइंडिंगच्या सामानात सगळ्यात स्वस्त तीच, आणि सगळ्यात कमी लक्षही तिच्याकडेच जातं.

खाली तीन फेजच्या साध्या पंप मोटरची पद्धत दिली आहे. स्वतः करणार असाल तर उपयोगी पडेल, आणि दुकानात करून घेणार असाल तर काय बघून घ्यायचं ते कळेल.

तार हलते कशाने?

लोखंडी गाभ्याच्या स्लॉटमध्ये बसलेल्या तारेतून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तिला ढकलतं. आपली वीज ५० सायकलची, आणि हा जोर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे एका सायकलमध्ये दोनदा धक्का बसतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. पाच एचपीची मोटर पूर्ण भाराला सात-साडेसात अँपिअर घेते. थेट स्टार्टरवर सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट घेते, आणि सहापट प्रवाहाला जोर छत्तीसपट होतो. पंप दिवसातून चार वेळा चालू-बंद होत असेल तर हा दणका चार वेळा बसतो. तारेवरच्या इनॅमलचा थर केसाहूनही पातळ असतो. सैल तार त्या थरावर रोज थोडी-थोडी घासत राहिली की एक दिवस आतलं तांबं उघडं पडतं. त्यात पावसाळ्याचा ओलावा आणि मिठाचा अंश असला की पुढचं काम एका स्टार्टमध्ये होतं.

पट्टीसाठी बांबू: घाई इथे करू नका

बाजारात फायबरच्या आणि काच-इपॉक्सीच्या तयार पट्ट्या मिळतात. मोटर जास्त तापणाऱ्या कामाची असेल तर त्याच घ्याव्यात. साध्या पंपाला बांबू चालतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात माणगा बांबू भरपूर आहे. बिनकाट्यांचा, आणि जवळजवळ भरीव. पोकळ कळकापेक्षा त्याची पट्टी मला सरळ आणि दाट मिळते.

सगळा प्रश्न ओलाव्याचा आहे. हे मी नुकसान करून शिकलो. नवीन होतो तेव्हा एकदा ऐन जुलैमध्ये ताजा बांबू तोडून पट्ट्या काढल्या. हिरवा बांबू कोयतीखाली लोण्यासारखा चिरला जातो आणि स्लॉटमध्ये सुरकन सरकतो, त्यामुळे काम फार छान झाल्यासारखं वाटलं. एका पोफळीच्या बागेतली पाच एचपीची मोटर होती ती, ३६ स्लॉटची. फेब्रुवारीत परत आली. उघडून बघतो तर अकरा पट्ट्या नुसत्या बोटाने पुढेमागे होत होत्या. स्लॉटच्या तोंडाशी तपकिरी भुकटी साचली होती आणि एका कॉइलचं तांबं उघडं पडलं होतं. ओला बांबू फुगलेला असतो. मोटर तापली की तो वाळतो आणि आकसतो. बसवताना जी पट्टी घट्ट वाटली, ती दोन महिन्यांत स्लॉटमध्ये खुळखुळायला लागते. त्या माणसाला मोटर नव्याने भरून दिली, पण ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस त्याच्या बागेला पाणी मिळालं नाही ते नाहीच.

तेव्हापासून बांबू डिसेंबर-जानेवारीत तोडतो, पट्ट्या चिरून वर्षभर सावलीत कोरड्या जागी ठेवतो, आणि वापरायच्या आधी पुन्हा वाळवतो. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, ते वजनकाट्याला कळतं. पट्ट्यांची जुडी तोलून ठेवा, ओव्हनमध्ये १०० अंशाच्या आसपास दोन तास ठेवा, पुन्हा तोला. वजन उतरलं असेल तर आणखी एक तास. लागोपाठ दोनदा वजन तेवढंच आलं की बांबू वाळला. मग गरम असतानाच पट्ट्या वार्निशमध्ये बुडवून रात्रभर ठेवायच्या. थंड होताना त्या वार्निश आत ओढून घेतात आणि पुढे हवेतला ओलावा सहजासहजी घेत नाहीत. सालीवरची हिरवी चकाकी आधी काचेच्या तुकड्याने खरवडून टाका, नाहीतर त्या बाजूने वार्निश मुरत नाही.

जुनं काढणं

मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि ते खिशात ठेवा. कपॅसिटर असेल तर त्याचा चार्ज आधी उतरवा. जोडण्या, कॉइलचे फेरे, तारेचा गेज, स्लॉटची पिच (एक कॉइल किती स्लॉट ओलांडते), सगळं वहीत लिहा आणि फोटोही काढा.

जुनी पट्टी वार्निशने चिकटलेली असते. हॅकसॉचं ब्लेड दात खाली करून पट्टीवर उभं धरा, वरून हलकं ठोका म्हणजे दात पट्टीत रुततील, आणि मग ब्लेडच्या टोकावर लांबीच्या दिशेने ठोका. पट्टी ब्लेडबरोबर सरकत बाहेर येते. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, गाभ्याचे पत्रे वाकतात.

जुनं वाइंडिंग सुटावं म्हणून स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, नारळाच्या सोडणांच्या जाळात टाकलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका. गाभ्याच्या प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. उष्णता साडेतीनशे अंशांच्या फार वर गेली की तो जळतो, आणि मग नवं वाइंडिंग कितीही चांगलं असलं तरी गाभाच तापत राहतो. एका बाजूची डोकी (गाभ्याबाहेर आलेली कॉइलची वळणं) छिन्नीने कापून, वाइंडिंग बेताने गरम करून दुसऱ्या बाजूने ओढून काढावं. वेळ लागतो, पण गाभा वाचतो.

स्लॉट आणि पेपर

स्लॉट तारेच्या ब्रशने साफ करा आणि आत बोट फिरवा. धार लागली तर बारीक कानसीने मारा. जुन्या वार्निशचा एखादा खडा राहिला तरी पट्टी तिथे अडते आणि पुढच्या बाजूला पोकळ बसते.

स्लॉट पेपर गाभ्यापेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर बाहेर हवा. गाभा ११० मिलिमीटरचा असेल तर पेपर साधारण १२४. बाहेर आलेल्या कडा दुमडून कफ केला की पेपर आत सरकत नाही. तार जिथे लोखंडाच्या कडेवरून वळते, तीच सगळ्यात जास्त घासली जाणारी जागा. कफ तिथेच कामाला येतो.

कॉइल भरणं

तारा थोड्या-थोड्या घालायच्या आणि एकमेकींना समांतर बसवायच्या. आत एक जरी आडवी गेली तरी ती बाकीच्यांना वर उचलते आणि मग पट्टीला जागा उरत नाही. दाबायला गुळगुळीत फायबरची किंवा बांबूचीच चपटी काडी वापरा, लोखंड नको. एका स्लॉटमध्ये दोन कॉइल असतील तर मध्ये पेपरची पट्टी टाका. सगळ्या तारा बसल्या की पेपरच्या कडा आत दुमडून वर पेपरची एक टोपी सरकवायची. टोपीखालून एकही तार डोकावता कामा नये.

पट्टी बसवणं

अशा मोटरच्या स्लॉटचं तोंड अरुंद असतं आणि आतली जागा रुंद. पट्टी तोंडापेक्षा रुंद असते, म्हणून ती बाजूने सरकवावी लागते, आणि म्हणूनच ती तोंडातून निसटत नाही. लांबी गाभ्यापेक्षा थोडी जास्त, पण पेपरपेक्षा थोडी कमी. वरच्या उदाहरणात ११८ ते १२०. टोकं आणि खालचे कोपरे कोयतीने किंवा काचेने गोल करा. एक टोकदार कोपरा पेपर फाडायला पुरतो.

पट्टी किती घट्ट हवी, हे हाताला कळायला वेळ लागतो. माझं माप असं आहे: अर्धी पट्टी अंगठ्याने आत गेली पाहिजे आणि उरलेली लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. पूर्ण अंगठ्याने गेली तर सैल आहे. ती काढा, खाली पेपरची आणखी एक पट्टी टाका आणि पुन्हा बसवा. पहिल्या पेरभरातच ठोकावं लागलं तर जाड आहे. ती काढून खरवडा. जोराने मारलं तर पट्टी खालच्या पेपरला पुढे ढकलते, पेपर गोळा होतो, आणि त्याच्या मागे तार उघडी पडते. सरकायला सोपी जावी म्हणून साबण, तेल किंवा मेण लावू नका. तिथे नंतर वार्निश धरत नाही.

सगळ्या पट्ट्या बसल्या की एका खिळ्याच्या डोक्याने प्रत्येकीवर दोन टोकांना आणि मध्ये हळूच ठोका. घट्ट पट्टी भरीव आवाज देते, सैल पट्टी पोकळ. कान देऊन ऐका, पहिल्या दहा-बारा पट्ट्यांनंतर फरक आपोआप कळायला लागतो. नंतर स्टेटरच्या आतून तळहात फिरवा. पट्टी गाभ्याच्या पातळीवर किंवा त्याच्या आत हवी. लहान मोटरमध्ये रोटर (आत फिरणारा भाग) आणि स्टेटर यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असू शकते, त्यामुळे बाहेर आलेला एक बारीक तंतूसुद्धा रोटरला लागतो.

हेच काम फार मोठ्या आकारात बघायचं तर कोयनेच्या वीजप्रकल्पाकडे बघा. धरणाचं पाणी सह्याद्री उतरून आपल्या चिपळूण तालुक्यात पोफळी गावाला येतं, आणि चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. अशा मोठ्या जनित्रांत तारेच्या जागी तांब्याचे जाड बार असतात आणि बांबूच्या जागी काच-इपॉक्सीच्या पट्ट्या. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याखाली लाटेसारखी वळवलेली स्प्रिंगची पट्टी घालतात, म्हणजे वर्षानुवर्षं सामान आकसलं तरी दाब टिकतो. आणि यंत्र दुरुस्तीला बंद असलं की तिथेही एकेक पट्टी ठोकून तिचा आवाज तपासतात.

डोकी बांधणं आणि वार्निश

पट्टी फक्त स्लॉटच्या आत धरते. बाहेर आलेली कॉइलची डोकी कॉटन टेपने किंवा दोऱ्याने घट्ट बांधा, फेजच्या मध्ये पेपर घाला. डोकी हलली की स्लॉटच्या तोंडाशी तार झिजतेच, आत पट्टी कितीही घट्ट असली तरी.

वार्निशच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) बॉडीशी रीडिंग घ्या. मग स्टेटर शंभर अंशांच्या आसपास तीन-चार तास तापवा म्हणजे ओलावा जाईल. पावसाळ्यात ही पायरी टाळली तर ओलावा वार्निशखाली कोंडला जातो. हात लावता येण्याइतका निवला की वार्निशमध्ये बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. निथळून झालं की डब्यावर लिहिलेल्या तापमानाला आणि वेळेला भाजा. ओव्हन नसेल तर दोनशे वॉटचा पिवळा दिवा आत टांगून वाळवतात, पण थिनरची वाफ पेट घेते. आधी उघड्यावर पूर्ण निथळू द्या, आणि दिवा वाइंडिंगला टेकू देऊ नका. हवेवर वाळणारं वार्निश घाईत बरं पडतं. मी मात्र किनाऱ्यावरच्या मोटरला भट्टीचंच देतो, दोन वेळा.

पाण्याने भरलेल्या पाणबुडी पंपाला यातलं काही लावू नका. त्याची तार प्लास्टिकच्या वेष्टनाची असते, तिला वार्निश चालत नाही, आणि पट्टीही पाण्यात टिकणारीच लागते. मिक्सरच्या आर्मेचरमध्ये कॉइल स्वतः फिरते आणि पट्टी बाहेर फेकली जाऊ शकते. तिथे बांबू मुळीच नको.

पुढच्या पावसाळ्यासाठी

मोटर बसवल्यावर तिन्ही फेजचा अँपिअर आणि मेगरचं रीडिंग शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवा. पावसात पंप पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं चालवा, आत ऊब राहते. दिवाळीनंतर स्विच दाबायच्या आधी पुन्हा मेगर लावा. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर सुरू करू नका. टर्मिनल बॉक्सचं झाकण काढा, मोटरवर पत्र्याचा डबा पालथा घाला, आत शंभर वॉटचा दिवा लावून दोन दिवस राहू द्या आणि मग परत मोजा.