गाय बांधल्या जागी जीभ फिरवायलीय? मुसकं घालू नका, हे करा

दावणीला बांधलेली गाय समोर वैरण नसताना जीभ बाहेर काढून गोल गोल फिरवायलीय, नाहीतर गव्हाणीची कडा चाटत, साखळी चावत तासन्‌तास उभी हाय, असं दिसलं की गावात लगेच सल्ले सुरू होतेत. मुसकं घाला, दावं आखूड करा, वेसण आवळा. यातलं एकही करू नका. पिंजऱ्यातला वाघ एकाच वाटेनं फेऱ्या मारतो, साखळीतला हत्ती डुलत राहतो, त्यातलाच हा प्रकार हाय. जनावराला आतून जे करायची ओढ असते ते करायला मिळत नाही म्हणून हे सुरू होतं. तोंड बांधून कारण जात नाही, उलट तिचा त्रास वाढतो.

पहिलं काम, वेगवेगळ्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि गुरांच्या डॉक्टरला दाखवा. नुकती व्यालेली गाय भिंती, स्वतःचं अंग वेड्यासारखं चाटायलीय आणि दूधही घटलंय तर तो किटोसिस, म्हणजे व्याल्यावर अंगातली ऊर्जा कमी पडून होणारा आजार, असू शकतो. माती, हाडं खात असेल तर फॉस्फरससारख्या खनिजांची कमतरता बघावी लागते. लाळ गळायलीय, गिळता येईना, आवाज बदललाय, तर रेबीजचा संशय धरा आणि काहीही झालं तरी तोंडात हात घालू नका.

आजार नाही म्हटल्यावर खरं काम वैरणीचं. मला इथंच सगळ्यात जास्त झगडावं लागलं, कारण जो तो म्हणायचा की गाईचं पोट तर भरलेलं हाय, मग अजून काय पाहिजे. पोट भरणं वेगळं आणि चावणं वेगळं. मोकळी गाय दिवसात ८ तासांच्या आसपास चरते आणि जवळपास तेवढाच वेळ रवंथ करते. आपण काय करतो, सरकी पेंड आणि आंबोण देतो जे ती काही मिनिटांत चाटून पुसून खाते, वर भुश्यासारखी बारीक कुट्टी, तीही पटकन संपते, आणि मग पुढची वेळ येईपर्यंत जिभेला कामच नाही.

म्हणून कुट्टी मशीनवर जाड ठेवा, दोन-तीन इंचाची. आंबोणाच्या आधी थोडी वैरण टाका. दिवसाची वैरण दोनदा टाकत असाल तर तेवढीच चार-पाच वेळा टाका, आणि रात्री न कापलेला कडबा द्या, कारण रात्र सगळ्यात लांब असते. लोक म्हणतेत अख्खा कडबा वाया जातो, पाला खाऊन ती धाटं टाकते. टाकू द्या, सकाळी त्याच धाटांची कुट्टी करा. दुष्काळात नुसत्या उसाच्या वाढ्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) जनावर ठेवावं लागतं तेव्हाही वाढं एकदाच ढिगानं टाकू नका. आणि हा सगळा बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा, एकदम केला तर पोट बिघडतं. चौथ्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून सोडून देणारे मी लई बघितलेत, तेवढ्या लवकर फरक पडत नसतो.

दुसरं, दावं. तिला आरामात बसता, उठता आणि मान वळवून अंग चाटता आलं पाहिजे, एवढं तरी लांब ठेवा. जमलं तर मुक्त संचार गोठा करा, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर कुंपण घालून रोज काही तास मोकळी सोडा. जनावराला विनाकारण लांब वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा हाय, हे ‘आमच्याकडं असंच बांधतेत’ म्हणणाऱ्याला सांगा.

अंग घासायला खांबाला राठ ब्रश ठोका.

वर्षानुवर्षाची सवय पूर्ण जाईलच असं नाही, गाय मोकळी सोडल्यावरही थोडी जीभ फिरवते. कमी झालं का तेवढं व्हिडिओवर ताडून बघा आणि त्यासाठी तिला मारू नका.

वासरांचं मात्र आत्ताच बघा. बादलीनं दूध पाजलं की ते दोन मिनिटांत संपतं आणि चोखायची ओढ तशीच राहते, मग वासरं एकमेकांचे कान, बेंबी चोखतेत. निप्पलच्या बादलीनं पाजा आणि दूध संपल्याबरोबर पुढ्यात थोडं वाळलं गवत टाका.