पिकअप गेलाय? बोनेट उघडण्याआधी चाकांना हात लावा

जुन्या पेट्रोल गाडीचा पिकअप अचानक गेला की हात आधी बोनेटकडे जातो. थांबा. मागच्या वेळी प्लग, फिल्टर, पंप सगळं बदलून झालं आणि दोष निघाला मागच्या डाव्या चाकात, ब्रेक जॅम. म्हणून या यादीत चाकं सगळ्यात आधी.

सामान फार लागत नाही. जॅक, दोन स्टँड (नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, कधीच नाही), चाकाला लावायला लाकडी ठोकळे, पाने, प्लगपाना, फीलर गेज (प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, एक पारदर्शक काचेची बाटली. व्हॅक्यूम (इंजिन हवा किती ओढतं) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो) मोजायचे गेज विकत घेऊ नका, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागा. सोबत एक माणूस हवा. इंजिनचे दोषाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर घ्यायचाच असेल तर तुमच्या मॉडेलला चालतो का ते आधी विचारा. 2010 च्या आधीच्या कितीतरी गाड्यांत तो जोडलाच जात नाही. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर बॅटरीची वायर काढू नका, साठलेला कोड पुसला जाऊ शकतो.

निघण्याआधी लक्षण कागदावर लिहा. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय, पुढचं वाचायची गरज नाही. आरपीएमच चढत नाही, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा, तर इंजिन. न्यूट्रलमध्ये छान फिरतं आणि रस्त्यावर दम तोडतं, तर ब्रेक आणि इंजिन, दोन्ही शक्य आहे. इथेच फसायला होतं.

आता ब्रेक. थंड गाडीवर तपासायचं नाही. पुन्हा लिहितो, थंड गाडीवर नाही. रात्रभर उभ्या गाडीचं चाक हाताने मोकळं फिरतं, ‘ब्रेक ठीक’ म्हणून आपण पुढे जातो, आणि जॅम होतो तो गरम झाल्यावर. सकाळी रहदारी नसताना नाशिकच्या त्र्यंबक रोडला आठ-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी सपाट मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये गाडी आपोआप थांबू द्या. उतरून चारही रिमजवळ तळहात न्या. डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, चटका बसेल. पुढची दोन एकमेकांशी, मागची दोन एकमेकांशी ताडून बघा. पुढची जरा जास्त गरम असणारच. एकाच रिमची झळ दोन बोटं लांबून लागतेय आणि जळक्या लायनरचा वास येतोय, तर सापडलं.

गार व्हायच्या आत तेच चाक उचला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचं उचलायचं तर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. पुढचं उचलायचं तर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ठोकळे दोन्ही वेळी. किंचित घासल्याचा आवाज चालतो, फिरवल्या फिरवल्या अडलं तर जॅम. मग ब्लीडिंग निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. तेल उडालं आणि चाक सुटलं, तर दाब आत अडकलाय: बहुतेक वेळा रबरी होज आतून सुजलेला असतो, तेल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसतो. चारही चाकं गरम असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेकच्या तेलावर दाब देणारा) आणि पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, बघा. निपल सोडूनही चाक अडलेलंच, तर पुढच्या चाकात कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना सुकल्यात किंवा पिस्टन गंजलाय. मागच्या चाकात हँडब्रेकची केबल कव्हरमध्ये गंजून परत येत नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या ठेवलेल्या गाडीत पहिला संशय केबलवर. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्याने रबर फुगतं. निपल उघडली की एअर काढणं आलंच. आणि जॅम ब्रेक घेऊन कसारा घाट उतरू नका. तेल उकळलं की पेडल थेट खाली जातं.

चाकं मोकळी आहेत? गरम गाडीवर बघितलं? मग बोनेट.

आधी फुकटचं. इंजिन बंद ठेवून सोबतच्याला एक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का बघा. केबल ढिली झाली किंवा पायाखालचं मॅट अडलं तरी गाडी ओढत नाही. एअर फिल्टर. चिरलेला रबरी पाइप. उंदराने कुरतडलेल्या वायरी. सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर चालवून बघा.

प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. फिकट तपकिरी चांगला, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, एकच ओला म्हणजे बहुधा तिथे ठिणगी नाही. गॅप मॅन्युअलप्रमाणे, कार्ब्युरेटरला साधारण 0.8, इंजेक्शनला 1 ते 1.1 मिलिमीटर. अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा, निळ्या ठिणग्या नाचल्या तर वायर गेली.

पेट्रोल बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा, मोकळ्या हवेत, विडी-काडी लांब. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी इथेनॉलला घेऊन खाली बसतं. टाकीचं झाकण सैल करून ओढायला लागली तर झाकणाचा वेंट बुजलाय. पेट्रोलचा फिल्टर कधी बदललाय आठवत नसेल तर बदला. पंप मात्र दाब मोजल्याशिवाय नाही. बऱ्याच मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत 3 बारच्या आसपास येतो. पंप महाग आहे, म्हणून परत विचारतो, चाकं बघितलीत ना?

व्हॅक्यूम: पुस्तकात आयडलला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास उंच आहे, दोन इंच वजा करा. 2500 आरपीएमला धरून सुई हळूहळू उतरत राहिली तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक (धूर साफ करणारा डबा) चोक.

कॉम्प्रेशन: गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि पंपाचा फ्यूज काढलेला, एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सगळीकडे सारखंच कमी तर टायमिंग बेल्ट सरकलाय का बघा, तोवर इंजिन चालू करू नका. एकातच कमी तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट, ते गॅरेजचं काम.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्याने तेवढीच चक्कर. परत आल्यावर चारही रिम.