आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, तलावाकाठच्या मेळाव्याला निघताय? आधी ठोकळे टाका

पहिली वस्तू ठोकळे. चाकांखाली घालून गाडी सपाट करायचे ठोकळे. वाचता वाचता उठा, गाडीत टाकून या, मी थांबते.

मागच्या वेळी आमचे घरीच राहिले. त्याआधीच्या सहलीत चिखलाने माखले होते म्हणून मीच धुतले, मीच वाळत ठेवले, आणि ते वाळतच राहिले. ‘तुमच्या गाडीत फ्रिज आहे ना’ असं म्हणून सगळ्यांनी ४० माणसांचं दोन दिवसांचं खाणं आमच्याकडे दिलेलं. जागा मिळाली ती अगदी पाण्याला लागून. तलावाकाठची जमीन पाण्याकडे उतरती असणारच, पण हे माझ्या डोक्यात तिथे पोचल्यावर शिरलं. गाडी एका अंगाला कलून उभी राहिली. ‘रात्री भिंतीला टेकून झोपू’ म्हणत आम्ही हसलो. सकाळी मावशीने फ्रिज उघडला आणि दार हातात धरून तशीच उभी राहिली.

मग तर्क सुरू. काका म्हणाले गॅस संपला, दाजी म्हणाले बॅटरी बसली, एकाने फ्रिजलाच दोन थापा मारल्या. दोष कलण्याचा होता. बऱ्याच आरव्हींत गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नाही. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. खालून उष्णता देऊन अमोनिया पाण्यातून उकळून वेगळा करायचा, आणि पुढे द्रवाने नळ्यांच्या उतारावरून आपल्या वजनाने घरंगळत परत यायचं. पंप नाहीच, उतार हाच पंप. गाडी कलली की द्रव भलतीकडे साचतो, अमोनिया उकळणारा खालचा बॉयलर कोरडा तापत राहतो, थंडावा थांबतो. फार वेळ असं चाललं तर नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेल्या क्षाराचे खडे होऊन नळी कायमची तुंबते. चालत्या गाडीत हे होत नाही, कारण द्रव हिंदकळत असतो. कलून तासन्‌तास उभं राहणं वाईट. आमचा फ्रिज वाचला, खाणं नाही वाचलं.

साधारण मर्यादा आडव्या बाजूने ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. मॉडेलप्रमाणे फरक असतो, पुस्तिका उघडा. डाव्या-उजव्या चाकांत २ मीटर अंतर धरलं तर ३ अंश म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर. अर्धी वीत! डोळ्याला ते धड दिसतही नाही, म्हणून पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी, हवी. एक फ्रीजरच्या तळावर ठेवायला, एक जमिनीवर. फोनमधली चालेल, पण फोन नेमका फोटो काढणाऱ्याच्या हातात असतो.

ज्यांचा फ्रिज नव्या पद्धतीचा, बॅटरीवरच्या कॉम्प्रेसरचा आहे, त्यांना कलण्याचं एवढं भय नाही. त्यांनीही ठोकळे घ्यावेत. कललेल्या गाडीत न्हाणीचं पाणी जाळीकडे जातच नाही, दारं आपोआप उघडतात, टाक्यांचे काटे खोटं सांगतात.

किती? आमचा हिशेब आठ, शिवाय दोन रुंद फळ्या, कारण पाण्याजवळची माती मऊ असते आणि चाक रुतलं की सगळं मुसळ केरात. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही चाकं ठोकळ्यावर पूर्ण बसली पाहिजेत, एक अधांतरी नको. ‘दगड लावू की’ म्हणणारा एक भाऊ प्रत्येक घरात असतो. आमच्याकडेही होता. दगड निसटला, चाक धपकन खाली आलं, आतली सगळी भांडी जमिनीवर. दगड नाही. ठोकळे. आणि कोपऱ्यांचे जॅक गाडी उचलायला नसतात, फक्त हलू नये म्हणून असतात. त्यांनी गाडी उचलायला जाल तर जॅक वाकेल. आधी ठोकळ्यांवर चढवून सपाट, मग चाकांना पाचर, मग जॅक, मग बाजूची सरकती खोली बाहेर. क्रम उलटवू नका.

बाकीचं आता भराभर.

जागा ठरवणाऱ्याला आठवडाभर आधी फोन करा. ‘जागा छान आहे ना’ विचारू नका. लांबी किती, वीज-पाणी जागेवर की नाही, प्लग कुठला, जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो, पाऊस पडला तर गाडी बाहेर निघेल का, हे विचारा. सपाट आहे का विचारलंत तर ‘हो’ म्हणतील. तंबूत झोपणाऱ्यांना सगळं जग सपाटच वाटतं. ठोकळे घ्याच.

फ्रिज आदल्या दिवशी सुरू करा, त्याला गार व्हायला बरेच तास लागतात. आधीच गार केलेल्या वस्तूच आत, आणि ठासून भरायचा नाही.

गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट, मोजून चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवा. पुलाखाली शिरताना आठवणीवर विसंबणं वेडेपणा आहे. टायरची हवा थंड असताना तपासा, आणि बाजूवर कोरलेल्या तारखेच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. पिण्याच्या पाण्याची टाकी तुडुंब भरून निघू नका, १५० लिटर म्हणजे १५० किलो. तिथे पिण्याचा नळ असेल तर वाटेपुरतं न्या. तलावाचं पाणी टाकीत कधीच घालू नका, ‘किती स्वच्छ दिसतंय’ असं कुणी कितीही म्हणो. निघताना गॅस बंद. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून ऐका. जितके सीटबेल्ट तितकी माणसं, ‘मुलं मागे गादीवर लोळतील’ ही चर्चाच नको.

संडासाबद्दल स्पष्ट बोलते. तुमचा संडास हा मेळाव्याचा संडास होणार आहे. तिथे सार्वजनिक सोय आहे का बघा, आणि आल्याआल्या सगळ्यांना तीच दाखवा. मैल्याच्या टाकीची झडप बंदच ठेवा, मैला साचून मगच सोडायचा. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाला बसतं. कागद पटकन विरघळणारा. ही सूचना आतून दारावर चिकटवा, आजोबांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत.

बाहेरची कनात पसरून सगळे पाण्यावर जाऊ नका. दुपारी जमीन पाण्याआधी तापते आणि तलावावरून वारा सुटतो. कनात गुंडाळूनच निघायचं.

मुलांना लाइफ जॅकेट, त्यांच्या वजनाप्रमाणे. काठावर वीस मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. दर अर्ध्या तासाला एकाचं नाव ठरवा, फोन त्याच्याकडून काढून घ्या.

अंथरुणं, औषधं, टॉर्च, पत्ते: तुम्हाला माहीत आहेत.

पोचायचं ते उजेडात. अंधारात पाणसळ वाचत, चाकाखाली हात घालून ठोकळे सरकवणं मी एकदा पाहिलंय, पुरे.

परतताना: आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप त्यानेच धुतला जातो. सरकती खोली आत. पायरी, अँटेना. वायर काढली का? पाचर काढली का? गाडीभोवती एक फेरी. ठोकळ्यांवरून उतरल्यावर खाली उतरा आणि ते उचला, मोजा. आठ. चिखल असला तरी तसेच गाडीत टाका. धुवायचे नाहीत.