म्हशीला शिरेतून भूल देताना हृदय आणि रक्तावर लक्ष कसे ठेवावे

गोरेगावच्या आरे वसाहतीतील तबेल्यात शस्त्रक्रिया करायची असेल, तर ती शक्यतो पहाटे उरकावी, कारण म्हशीला घाम कमी येतो आणि मुंबईच्या दमट उकाड्यात तापलेल्या जनावराची नाडी मुळातच वाढलेली असते. मोठ्या म्हशीचा चारा साधारण 24 तास आणि पाणी 12 तास आधी बंद करावे. मालक दया येऊन पेंढीभर गवत टाकतोच, तेव्हा गव्हाण स्वतः पाहावी.

भूल देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि मानेच्या शिरेतून रक्त घेऊन हिमोग्लोबिन, पेशींचे घनप्रमाण (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) व साखर तपासावी. या मूळ नोंदीशिवाय पुढचे आकडे निरर्थक ठरतात. झायलाझिन या गुंगीच्या औषधाने ठोके मंदावतात आणि इन्शुलिन दबल्यामुळे रक्तातील साखर चढते, म्हणून ती मधुमेह समजू नये. केटामाइन हे भुलीचे औषध मात्र ठोके वाढवते. थायोपेंटोन या भुलीच्या औषधाने प्लीहा (रक्त साठवणारा पोटातील अवयव) फुगून तिच्यात तांबड्या पेशी साठतात आणि घनप्रमाण खाली येते, ज्याला नवखा डॉक्टर रक्तस्राव समजून घाबरतो.

दर पाच मिनिटांनी शेपटीच्या मुळाखालील धमनीवर बोटे ठेवून नाडी पाहावी, हिरड्यांचा रंग तपासावा आणि डावी कूस फुगते का, हेही पाहावे, कारण फुगलेले पोट फुप्फुसे व मोठ्या शिरा दाबून रक्तदाब पाडते. म्हैस उठून उभी राहिल्यावर रक्ताचा नमुना पुन्हा घ्यावा.