शिडाच्या शर्यतीतील कारकीर्द : सातारा-सांगलीच्या मुलामुलींनी या चुका टाळाव्यात

शिडाच्या नौकांच्या शर्यतींत कारकीर्द करायची, असे सातारा किंवा सांगलीतल्या एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर तिला पहिला प्रश्न समुद्राचा विचारला जातो आणि बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. वस्तुतः हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली मुलींच्या इल्का ४ या एकट्याने चालवायच्या छोट्या नौकेच्या प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी असून ती भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झाली. हैदराबादच्या हुसेनसागरावर तर देशभरातले खेळाडू दरवर्षी शर्यतींसाठी जमतात. तेव्हा समुद्र नसणे ही अडचण फार मोठी नाही. उमेदीची वर्षे वाया जातात ती मुख्यतः पाण्यात उतरण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि पुढे शर्यतीत त्याच त्या चुका कारण न शोधता गिरवत राहिल्यामुळे.

जलपर्यटनाला सराव समजणे

तापोळा, बामणोली, मुनावळे या भागांत शिवसागर जलाशयावर पर्यटकांसाठी बोटी चालतात, आणि सांगली परिसरात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती चुरशीने होतात. मात्र तिथल्या बोटी इंजिनावर आणि होड्या वल्ह्यांवर चालतात. त्यातून पाण्याची भीती जाते, पोहणे पक्के होते, आणि हे काही थोडके नव्हे. पण वाऱ्याचा कोन ओळखून शीड लावण्याचे कौशल्य त्यातून येत नाही. ते जिथे शिकवले जाते अशी केंद्रे मुंबई, हैदराबाद, चेन्नई आणि भोपाळ येथे आहेत. केंद्र निवडताना इमारत पाहू नये. प्रशिक्षकासोबत सुरक्षेची बोट पाण्यात असते का, आणि मुलांना यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यताप्राप्त स्पर्धांना नेले जाते का, एवढे विचारावे.

सैन्याची परंपरा असलेल्या सातारा जिल्ह्याला याबाबतीत एक जवळची वाट आहे, ती लष्कर आणि नौदलाच्या क्रीडा योजनांची. ऑलिंपिकमध्ये दोनदा उतरलेला विष्णू सरवणन हा लष्कराचाच खेळाडू आहे. परंतु मुलांसाठीच्या या योजनांत प्रवेश लहान वयातच मिळतो, आणि दहावीचा निकाल लागल्यावर चौकशीला निघालेल्या पालकांना बहुधा हात हलवत परतावे लागते.

वजनाकडे न पाहता नौकेचा प्रकार निवडणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कुस्तीत मल्लाला वजन करून गटात घातले जाते. इथे तसा काटा नसतो, पण तुमचे वजन कोणत्या नौकेला पेलते हे वारा ठरवतो, आणि त्यावर अपील नाही. लहान मुले ऑप्टिमिस्ट या २.३ मीटर लांबीच्या छोट्या नौकेवर शिकतात आणि ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंतच त्या वर्गात खेळू शकतात. त्यापुढे, पूर्वी लेझर या नावाने ओळखला जाणारा इल्का हा वर्ग येतो. त्याचे वैशिष्ट्य असे, की नौकेचा सांगाडा एकच राहतो आणि डोलकाठीचा खालचा भाग व शीड तेवढे बदलते : इल्का ४ चे शीड ४.७ चौरस मीटर, इल्का ६ चे ५.७६ आणि इल्का ७ चे ७.०६ चौरस मीटर. ऑलिंपिकमध्ये स्त्रिया इल्का ६ आणि पुरुष इल्का ७ चालवतात.

इल्का ७ साठी पुरुष खेळाडूचे वजन ऐंशी किलोंच्या आसपास लागते. साठ किलोंच्या मुलाने केवळ ‘ऑलिंपिकची नौका’ म्हणून ती घेतली, तर मंद वाऱ्यात तो पुढे राहतो आणि वारा ताशी पंधरा सागरी मैलांच्या (नॉट्सच्या) वर गेला की त्याला नौका सपाट धरता येत नाही. मग दोष तंत्राचा आहे असे समजून दोन हंगाम जातात. उपाय सरळ आहे : वजन वाढेपर्यंत लहान शीड वापरावे, किंवा हलक्या शरीराला दोघांच्या नौकेत, उदाहरणार्थ ट्वेंटीनायनर किंवा फोर्टीनायनरमध्ये, जोडीदार शोधावा. पहिल्याच वर्षी स्वतःची नौका विकत घेण्याची घाईही याच कारणाने टाळावी. क्लबची नौका वापरून वाचलेला पैसा स्पर्धांच्या प्रवासावर खर्च केला, तर त्याचे चीज होते.

ताकदीबद्दल थोडेसे. तालमीतल्या बैठकांचा उपयोग होतो, पण पट्ट्यात पाय अडकवून नौकेबाहेर झुकून बसताना मांडीचे स्नायू हलत नाहीत, ते ताणलेल्या स्थितीत धरून ठेवावे लागतात. म्हणून धरून ठेवण्याचा व्यायाम वेगळा करावा, अन्यथा गुडघे लवकर तक्रार करतात.

प्रत्येक स्टार्ट हुकणे

शर्यत सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे, चार मिनिटे आणि एक मिनिट असे संकेत मिळतात. नवशिका खेळाडू घड्याळ पाहतो, पण आपली नौका थांबलेल्या स्थितीतून पूर्ण वेग घ्यायला किती सेकंद घेते, हे त्याने कधी मोजलेलेच नसते. त्यामुळे तो एक तर उशिरा पोहोचतो, नाही तर पाण्यावरची सुरुवातीची रेषा आधी ओलांडतो. रेषेच्या मधोमध असताना ती नेमकी कुठे आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि म्हणूनच संकेतांपूर्वी रेषेच्या टोकाबाहेर जाऊन दुसऱ्या टोकाच्या सरळ मागे किनाऱ्यावर एखादे झाड किंवा टाकी हेरून ठेवायची असते.

स्टार्टच्या वेळी आयोजकांनी लावलेल्या झेंड्यांकडे दुर्लक्ष केल्यास शिक्षा आणखी कडक होते. साध्या स्टार्टला आधी ओलांडलेली नौका मागे येऊन पुन्हा निघू शकते. यू झेंडा किंवा काळा झेंडा असेल तर शेवटच्या मिनिटात पुढे गेलेली नौका परत येऊनही सुटत नाही. यू झेंड्याखाली सगळ्यांची स्टार्ट रद्द झाली तर त्या नौकेला पुन्हा संधी मिळते, काळ्या झेंड्याखाली तीही मिळत नाही.

याची किंमत गुणांत पाहावी. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि सर्वांत कमी गुणांचा विजेता, अशी ही पद्धत आहे. तीस नौका असतील तर बाद झालेल्या नौकेच्या नावावर ३१ गुण चढतात. पाच शर्यतींत ५, ६, ४, ७, ५ असे क्रमांक आणणाऱ्याचे, सर्वांत वाईट शर्यत वगळल्यावर, २० गुण होतात. १, २, १ अशी चमक दाखवून दोनदा रेषेवर बाद होणाऱ्याचे ३५. निवड समितीच्या यादीत त्या तीन शर्यतींची चमक दिसत नाही, बेरीज दिसते.

वाऱ्यावर चढताना वेग न मिळणे

वारा येतो त्या दिशेकडे नौका नेताना वेग मिळत नसेल, तर आधी शिडावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे पाहावे. वाऱ्याच्या बाजूचा धागा वर उडत असेल तर नौका वाऱ्याच्या फार जवळ नेली जात आहे. सुकाणूने ती वाऱ्यापासून थोडी दूर वळवावी. पलीकडच्या बाजूचा धागा लोंबून फडफडत असेल तर शीड जास्त ओढले गेले आहे. मेनशीट, म्हणजे शीड ओढण्याची दोरी, बोटभर सोडावी किंवा नौका वाऱ्याकडे वळवावी. दोन्ही धागे आडवे वाहत असूनही वेग नसेल, तर दोष शिडात नसून बहुधा नौका कलंडलेली आहे, किंवा आत पाणी शिरले आहे. किनाऱ्यावर आल्यावर मागच्या बाजूचे पाणी काढण्याचे बूच उघडावे; पेलाभर पाणी निघाले तर सांधे तपासायला हवेत. डॅगरबोर्डच्या, म्हणजे नौकेतून खाली पाण्यात उतरवलेल्या फळीच्या, कडेला नखाने जाणवेल इतका खळगा पडला असेल, तर तो वर्गाच्या नियमांत राहून बुजवून घ्यावा. शीड घडी घालून नव्हे, गुंडाळून ठेवावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर पुली आणि दोऱ्या गोड्या पाण्याने धुतल्या नाहीत, तर पुढच्या शर्यतीत दोरी नको तेव्हा अडकते.

जलाशयावरची सवय समुद्रावर नेणे

डोंगरांमधून झोतांनी येणारा, क्षणाक्षणाला दिशा बदलणारा वारा ओळखण्यात तलावावरचे खेळाडू सहसा तरबेज असतात. त्यांची फसगत करते ती भरती-ओहोटी. जलाशयात पाणी जवळजवळ स्थिर असते; मुंबईच्या बंदरात ते साधारण दर सहा तासांनी उलटे फिरते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याची ओढ इतकी वाढते, की मंद वाऱ्यात मार्कला, म्हणजे शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या बोयाला, वळसा घालायला निघालेली नौका सरळ त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी भरतीच्या वेळा टिपून ठेवाव्यात, नांगरलेल्या बोयाच्या कोणत्या बाजूला पाण्याची रेघ पडते ते पाहावे, आणि प्रवाह विरुद्ध असेल तेव्हा, शर्यतीच्या सूचनांत मनाई नसेल तर, किनाऱ्याकडच्या उथळ पाण्याचा आधार घ्यावा. दुपारी खारा वारा सुरू झाला की दिशा किती बदलते, याचीही नोंद काही दिवस ठेवावी.

नियम आणि कागद

शर्यतीचे नियम दर चार वर्षांनी सुधारले जातात. सध्याचे २०२५ ते २०२८ या काळासाठी आहेत. उजवीकडून वारा घेणाऱ्या नौकेला डावीकडून वारा घेणाऱ्या नौकेने वाट द्यायची, एवढ्यावर पुष्कळांचे ज्ञान थांबते. आपल्याकडच्या मुलांचा भिडस्तपणा इथे नडतो : समोरच्याने नियम मोडला तरी ती ‘प्रोटेस्ट’ असे मोठ्याने ओरडत नाहीत, किनाऱ्यावर आल्यावर मुदतीत अर्ज देत नाहीत, आणि मग नुसती हळहळ उरते. चूक आपली असेल तर तिथेच दोन गिरक्या घेऊन मोकळे व्हावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

उपजीविकेचा विचार करताना अमेरिकाज कप किंवा सेलजीपी या बड्या आंतरराष्ट्रीय शर्यतींचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून बसू नये. भारतात या खेळाडूचा पगार बहुधा सैन्यदलातून किंवा क्रीडा कोट्यातून येतो, आणि जोडीला प्रशिक्षण, शिडांची शिवण-दुरुस्ती, मालकांच्या मोठ्या नौकांवरची कामे असतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण जाहिरात निघाल्यावर क्रीडा प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी धावाधाव करणाऱ्यांचा अर्ज राहून जातो. स्पर्धेचा निकाल, सहभागाचे पत्र आणि संघटनेची नोंदणी त्याच आठवड्यात फायलीत लागली पाहिजे. परदेशी शर्यतींत मोबदला घेऊन उतरणाऱ्यांना वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या गटात, म्हणजे व्यावसायिकांत, धरले जाते, तर हौशी खेळाडू पहिल्या गटात राहतात. काही शर्यतींत एका नौकेवर किती व्यावसायिक चालतील याला मर्यादा असते, त्यामुळे या वर्गीकरणाचा अर्ज खरी माहिती देऊन आणि नौकामालकाशी बोलणी पक्की करण्यापूर्वीच भरावा.